कोरडी उशी

आईच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. त्याआधी करतात त्या रक्ताच्या तपासण्या केल्या. लॅबमध्ये नंबर माझा दिलेला, त्यामुळे रिपोर्ट माझ्या फोनवर आला. साखर बरी होती. हिमोग्लोबिन १२.१. मग पांढऱ्या पेशींचा आकडा दिसला: ३८,४००. टाइप करताना काहीतरी चुकलं असणार म्हणून मी पान मोठं करून पाहिलं. अकरा हजारांच्या आत हव्यात, असं शेजारच्या रकान्यात लिहिलेलं. त्यातल्या ८२ टक्के लिम्फोसाइट्स. तळाशी शेरा होता: स्मज सेल्स दिसतात, रक्तविकारतज्ज्ञांना दाखवावे.

त्या शेऱ्याचा अर्थ मी रात्री शोधत बसले. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरवताना नाजूक झालेल्या लिम्फोसाइट्स दबून फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे नुसते फराटे दिसतात, त्यांना स्मज सेल्स म्हणतात. एकातून दुसरं वाचत गेले आणि पहाटेपर्यंत माझ्याकडे एक नाव आलं होतं. क्रॉनिक लिम्फोसिटिक ल्युकेमिया, सीएलएल. पलीकडच्या खोलीत आई झोपली होती. तिच्या घोरण्याचा आवाज येत होता आणि त्या रात्री मी तो मोजत होते.

दोन दिवस मी तिला काहीच सांगितलं नाही. भावाला सांगितलं, एका डॉक्टर मैत्रिणीला रिपोर्ट पाठवला, रक्तविकारतज्ज्ञांची वेळ घेतली. आईला म्हटलं, ऑपरेशन जरा पुढे गेलंय. आपण तिला जपतोय अशी माझी मनापासून समजूत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्यासमोर येऊन बसली.

"रिपोर्ट आलाय ना?"

"हो."

"माझाच आहे ना तो?"

मी फोन तिच्या हातात दिला. मोतीबिंदूमुळे तिला बारीक अक्षर लागेना, तेव्हा तिने मला तो मोठ्याने वाचायला लावला. पहिल्या ओळीपासून. साखर, क्रिएटिनिन, सगळं. मधली एकही ओळ गाळू दिली नाही. आईने उभी नोकरी हिशेब तपासण्यात काढली. बेरजेवर उडी मारणाऱ्या माणसावर तिचा कधीच विश्वास नव्हता. शेवटचा शेरा ऐकून ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे रक्ताचा कॅन्सर असेल." आमच्या घरात हा शब्द पहिल्यांदा तिनेच उच्चारला. मी दोन दिवस जो तोंडातून बाहेर पडू देत नव्हते, तो शब्द तिने सहज समोर ठेवला.

ते दोन दिवस मला अजून सलतात. तिचं रक्त, तिचा आजार, आणि तो तिच्याआधी तीन माणसांना ठाऊक होता.

क्रॉनिक हा शब्द आपल्या बोलण्यात फार वाईट अर्थाने रुळलाय. हाताबाहेर गेलेल्या गोष्टीला आपण 'एकदम क्रॉनिक केस' म्हणतो. मराठीत त्याला जुनाट म्हणावं, तर जुनाट खोकला, जुनाट दुखणं, सगळं न सुटणारं. मावशीला आईने फोनवर सांगितलं तेव्हा ती 'क्रॉनिक' ऐकूनच रडायला लागली. ल्युकेमियाच्या बाबतीत मात्र यातल्या त्यात सौम्य शब्द हाच आहे. अक्यूट प्रकारात कच्च्या पेशींचा लोंढा येतो आणि काही दिवसांत, आठवड्यांत उपचार सुरू करावे लागतात. आईच्या प्रकारात पेशी दिसायला पक्व असतात. वेळ झाली की मरून जायला हवं, तसं त्या मरत नाहीत, म्हणून साठत जातात. वर्षानुवर्षं, हळूहळू.

ल्युकेमिया म्हणजे शब्दशः पांढरं रक्त. १८४५ साली जॉन बेनेट आणि रुडॉल्फ विर्खो या दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी अशा रुग्णांच्या नोंदी केल्या आणि दोन वर्षांनी विर्खोने ग्रीक शब्द जोडून हे नाव दिलं. त्यांनी पाहिलेले रुग्ण दगावलेले होते. शवविच्छेदनात त्यांचं रक्त नेहमीसारखं लाल दिसलं नव्हतं. मला हे वाचून विचित्र दिलासा मिळाला होता. कारण माझी आई तेव्हा समोर बसून टॉवेलांच्या घड्या घालत होती, आणि तिला एकच तक्रार होती, डोळ्याचं ऑपरेशन कधी करणार. आज सीएलएलची बरीचशी माणसं अशीच सापडतात. दुसऱ्याच कशासाठी तरी रक्त तपासतात आणि त्यात आकडा निघतो. निदानाच्या वेळी रुग्णाचं वय सरासरी सत्तरीच्या आसपास असतं. आई त्र्याहत्तर वर्षांची होती.

नावातल्या एका अक्षराने आमच्याकडे बराच गोंधळ घातला. मामाने कुठलासा लेख पाठवला: रोज एक गोळी घ्यायची आणि माणूस पूर्ण आयुष्य जगतो. लेखातलं खोटं काही नव्हतं, पण तो सीएमएलबद्दल होता, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. त्या आजारात ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी जाऊन बसतात. आखूड झालेलं ते गुणसूत्र १९६० मध्ये दिसलं, ही अदलाबदल जॅनेट रोली यांनी १९७३ मध्ये उलगडली, आणि नेमक्या त्या बिघाडावर काम करणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ मध्ये आली. माणसाने केलेल्या सुंदर कामांपैकी ते एक आहे असं मला वाटतं. पण ती गोळी आईच्या आजाराची नाही. ज्यांच्या घरी ही बातमी नव्याने आली असेल त्यांना मी एवढंच विचारेन, सीएलएल की सीएमएल? आधी ते अक्षर पक्कं करा, मग वाचायला बसा.

रक्तविकारतज्ज्ञांनी आईच्या दंडातून आणखी एक नळी रक्त घेतलं आणि फ्लो सायटोमेट्री केली. पेशींच्या अंगावरच्या खुणा त्यात ओळखता येतात. सीडी१९, सीडी५, सीडी२३ या खुणा एकत्र दिसल्या, आणि सगळ्या पेशी एकाच पेशीची पिलावळ आहेत हेही दिसलं. अशा पेशी एका मायक्रोलिटरमध्ये पाच हजार किंवा अधिक असल्या आणि निदान तीन महिने तशाच राहिल्या, तर सीएलएल म्हणतात. बोन मॅरो, म्हणजे हाडातली मज्जा, तपासायला काढावी लागेल या धास्तीने मी गेले होते. निदानासाठी ती बहुतेकदा लागत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी आईची मान, काखा, जांघा बोटांनी चाचपल्या. पोटावर हात ठेवून खोल श्वास घ्यायला सांगितला आणि डाव्या बरगडीखाली प्लीहा लागते का ते पाहिलं. मानेत दोन छोट्या गाठी होत्या, शेंगदाण्याएवढ्या. आईला त्या ठाऊक होत्या. वर्षभर होत्या म्हणाली. मला ठाऊक नव्हत्या.

इतक्या यंत्रांच्या काळातही या आजाराची पायरी अजून हाताच्या बोटांनी आणि साध्या सीबीसीवर, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीवर, ठरते. कांती राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये ती पद्धत मांडली. नुसत्या लिम्फोसाइट्स वाढलेल्या असल्या तर शून्य. गाठी असल्या तर एक. प्लीहा किंवा यकृत वाढलं तर दोन. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं तर तीन, प्लेटलेट एक लाखाच्या खाली गेल्या तर चार. आई पहिल्या पायरीवर होती.

डॉक्टर म्हणाले, "आत्ता काही करायचं नाही. तीन महिन्यांनी भेटू."

मी म्हटलं, "काहीच नाही?"

"लक्ष ठेवायचं."

बाहेर पडले तेव्हा माझा संताप झाला होता. कॅन्सर लवकर सापडला तर वाचतो, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं. आमचा लवकर सापडला होता, आणि आम्हाला हात हलवत परत पाठवत होते. इथे मला वाचनाने खरोखर मदत केली. लवकर औषध देऊन पाहिलेलं आहे. फ्रान्समधल्या दोन मोठ्या चाचण्यांमध्ये मिळून दीड हजारांहून जास्त सुरुवातीच्या अवस्थेतले रुग्ण होते. काहींना लगेच क्लोरॅम्ब्युसिलच्या गोळ्या सुरू केल्या, काहींना नुसतं लक्षाखाली ठेवलं. १९९८ मध्ये निकाल आले. लगेच औषध घेणारे जास्त जगले नाहीत. आणि पहिल्या चाचणीत औषधाविना ठेवलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना अकरा वर्षं उलटून गेली तरी औषध लागलेलं नव्हतं. पुढे नव्या गोळ्या आल्यावर आयब्रुटिनिब घेऊनही हाच प्रश्न तपासला गेला. आजार पुढे सरकायला वेळ लागला, आयुष्य वाढलेलं दिसलं नाही, आणि गोळीचे त्रास मात्र आधीपासून सुरू झाले. म्हणजे डॉक्टरांचं 'काही करायचं नाही' हे दुर्लक्ष नव्हतं. खूप माणसांच्या आयुष्यांवरून कमावलेलं ते शहाणपण होतं. हे मला डोक्याने पटलं. पोटातला गोळा मात्र तसाच राहिला.

कारण न करण्यासारखं कठीण काही नसतं. गोळी असती तर मी गजर लावला असता. सलाइन असतं तर शेजारी बसले असते. इथे माझ्या भीतीला करायला काही कामच नव्हतं, आणि मग तिने आपली आपण कामं शोधली. मी रोज सकाळी आईचं वजन करायला लागले. दुपारी कामावरून फोन: दमल्यासारखं वाटतंय का? घरात कुणी शिंकलं की मी त्याला दुसऱ्या खोलीत पाठवायची. लिम्फोसाइट्सचा आलेख काढला. पहिला ठिपका ३१,५००. तीन महिन्यांनी ३४,०००. सहाव्या महिन्यात ४१,०००. ती वर जाणारी रेघ मी रात्री उघडून बघत असे.

रात्रीच्या घामाचं मी सगळ्यात जास्त मनावर घेतलं होतं. उपचार कधी सुरू करायचे त्याच्या खुणा डॉक्टरांनी सांगितल्या होत्या. हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट घसरत जाणं. सहा महिन्यांत प्रयत्नाविना दहा टक्के वजन उतरणं. संसर्ग नसताना दोन आठवडे १००.५ च्या वर ताप. गाठी किंवा प्लीहा खूप वाढणं. लिम्फोसाइट्स सहा महिन्यांच्या आत दुप्पट होणं. आणि कपडे, चादर भिजवणारा रात्रीचा घाम, महिनाभर. आकडा नुसता मोठा आहे म्हणून औषध नाही, हे ते दोनदा म्हणाले होते. माझ्या डोक्यात घाम राहिला. वजनाला काटा आहे, तापाला थर्मामीटर आहे, पण घाम ज्याचा त्यालाच ठाऊक, आणि आई मला सांगेल याची मला खात्री नव्हती. ती कधी दुखलं-खुपलं सांगणारी नव्हे.

म्हणून मी रात्री उठून तिच्या खोलीत जायला लागले. दिवा न लावता. पलंगाशी वाकून तिच्या मानेजवळ उशीवर तळहात ठेवायचा, आणि मग गळ्यापाशी चादरीवर. कोरडं लागलं की परत यायचं. रोज नाही. पण आठवड्यातून तीन-चारदा तरी. उशीच्या अभ्र्याचं सुती कापड तिच्या श्वासाने किंचित कोमट असायचं, आणि ते कोमटपण की ओल, हे कळायला मला एकेकदा मिनिटभर लागायचं. त्या मिनिटात मी श्वास रोखून उभी असायची.

एका रात्री अंधारातच तिचा हात माझ्या हातावर आला.

"कोरडी आहे," ती म्हणाली. "जा, झोप जा."

दुसऱ्या दिवशी त्या विषयावर तीही बोलली नाही, मीही नाही. पण मी रात्री जाणं थांबवलं नाही, फक्त कमी केलं, हे इथे खरं सांगायला हवं.

आईने या सगळ्यात एक वही केली होती. जुन्या सवयीने पट्टी आणि पेन्सिलने रकाने आखलेले. डावीकडे तारीख, मग हिमोग्लोबिन, मग प्लेटलेट, मग वजन. लिम्फोसाइट्सचा रकाना तिने सगळ्यात शेवटी ठेवला होता. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "डॉक्टर आधी काय बघतात? हे दोन. हा आकडा ते शेवटी बघतात. मी पाहिलंय." माझं लक्ष फक्त आलेखातल्या चढत्या रेघेवर होतं, आणि तिने डॉक्टरांची नजर कुठे जाते ते टिपलं होतं. हिमोग्लोबिन बारा, सव्वाबारा, बारा. प्लेटलेट दोन लाखांच्या आसपास. मॅरोमधलं रक्त बनवायचं नेहमीचं काम नीट चाललंय, एवढंच ते दोन रकाने सांगत होते, आणि खरं महत्त्व त्यालाच होतं. नवव्या महिन्यात लिम्फोसाइट्स उतरून ३८,००० वर आल्या. साध्या सर्दीनेही हा आकडा वरखाली होतो. मी मात्र मधल्या तीन महिन्यांत किती रात्री जाळल्या होत्या.

वहीत आणखी एक रकाना होता, रुंद, 'शेरा' म्हणून. तो मी वाचलेला नव्हता. वही तिची होती, आणि त्या रिपोर्टानंतर एवढं मी शिकले होते.

जनुकीय तपासण्यांवरून आमचं एकदा वाजलं. १७ क्रमांकाच्या गुणसूत्राचा तुकडा गळालाय का, टीपी५३ या जनुकात बिघाड आहे का, आयजीएचव्ही हे जनुक बदललेलं आहे का, यावरून आजार कोणत्या वाटेने जाईल याचा अंदाज येतो, आणि औषध कोणतं निवडायचं तेही ठरतं. मला सगळं आत्ताच्या आत्ता हवं होतं. आईने डॉक्टरांनाच विचारलं, "आज कळलं तर तुम्ही आज काही वेगळं करणार आहात का?"

"नाही. उपचार सुरू करायच्या आधी मात्र कराव्याच लागतील."

"मग तेव्हा करू."

मी रागावले होते. गाडीत बोललेच नाही. नंतर विचार करताना जाणवलं, मला जे जाणून घ्यायचं होतं त्याच्यासोबत जगायला तिला लागणार होतं. काही रुग्णांना पहिल्याच दिवशी सगळं माहीत हवं असतं, आणि तेही अगदी बरोबर आहे. पण तो कौल त्यांचा.

तिने स्वतःहून विचारलेला प्रश्न वेगळाच होता. तिसऱ्या भेटीत, उठता उठता, दाराशी: "डॉक्टर, हे हिला होईल का?" मी चमकले. सहा महिने ती हे मनात घेऊन बसली होती, आणि मला वाटत होतं घरात काळजी करणारी मीच एकटी. डॉक्टरांनी तिला पुन्हा बसवलं आणि नीट सांगितलं. सख्ख्या नात्यात हा आजार होण्याची शक्यता इतरांपेक्षा काही पटींनी जास्त असते हे खरं, पण आजारच मुळात इतका विरळ की बहुतेक मुलाबाळांना तो होत नाही, आणि कुणालाही काही होत नसताना मुद्दाम तपासण्या करत बसण्याची गरज नाही. आईने ऐकून घेतलं. त्या संध्याकाळी ती खूप दिवसांनी मोकळेपणी बोलत होती.

मग तो ताप आला.

सीएलएलमध्ये धास्ती घ्यायची ती संसर्गाची. रोगाशी लढायला ज्या पेशी हव्यात त्याच बिघडलेल्या, त्यामुळे अंगातली प्रतिपिंडं कमी पडतात. म्हणून फ्लूची लस दर वर्षी, न्यूमोनियाची लस, आणि जिवंत जंतूंच्या लसी टाळायच्या. हे आम्ही सगळं केलं होतं. तरी एका रात्री आई थंडीने कुडकुडत उठली. ताप १०१.५. श्वास घेताना उजव्या बाजूला दुखत होतं. ताप आला की सकाळची वाट बघायची नाही असं सांगितलेलंच होतं, त्याप्रमाणे आम्ही निघालो.

जवळच्या रुग्णालयात ड्युटीवर एक तरुण डॉक्टर होते. सीबीसी आली, पांढऱ्या पेशी ६१,०००. त्यांचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, परिस्थिती फार गंभीर आहे, सगळ्यांना बोलावून घ्या. माझे पाय थरथरत होते. पण पिशवीत आईची वही होती. मी ती उघडून त्यांच्यासमोर धरली. तारखेनिहाय आकडे. हे आधीपासून चाळीसच्या घरात आहेत, आजार सीएलएल आहे, यात लिम्फोसाइट्स लाखावर गेल्या तरी नुसत्या तेवढ्याने धोका होणं विरळ, आज प्रश्न छातीचा आहे. मी हे सलग बोलू शकले याचं मला आजही आश्चर्य वाटतं. त्यांनी वही हातात घेतली, शांतपणे चाळली, आईच्या डॉक्टरांना फोन लावला, आणि तासाभरात अँटिबायोटिक सुरू झालं. घाबरल्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. तो आकडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मीही तशीच घाबरले होते. पण जुने रिपोर्ट जवळ असणं किती मोलाचं आहे ते मला त्या रात्री समजलं.

आईला पलंगावरून आमचं बोलणं दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. ती मोठ्याने म्हणाली, "काय असेल ते इथे येऊन सांगा. मला." ते आले. वाकून, तिच्याकडे बघून त्यांनी सगळं सांगितलं.

पाच दिवस आम्ही तिथे होतो. दुसऱ्या रात्री तापाचे आकडे लिहायला मी वही पुन्हा उघडली, आणि तेव्हा तो शेवटचा रकाना वाचला. तिच्या टपोऱ्या, मोतीबिंदूमुळे थोड्या वाकड्या जाणाऱ्या अक्षरात. 'जिना चढले, धाप नाही.' 'मानेतली गाठ तेवढीच.' 'भूक बरी.' आणि मधेमधे, वेगवेगळ्या तारखांना: 'रात्री २ ला हिने उशी पाहिली.' 'आज पुन्हा पाहिली.' 'ही झोपत नाही. बारीक झाली आहे.' एका ठिकाणी: 'घाम नाही हे हिला सकाळी आपणहून सांगत जावे.'

मला आठवलं, मध्यंतरी आई सकाळी उठल्या उठल्या विनाकारण म्हणायची, "काल झोप छान लागली हं. पहाटे गार वाटलं, चादर घेतली अंगावर." मी नुसतं 'बरं' म्हणायची.

सलाइनच्या स्टँडखाली, तिच्या पलंगाशी मी बराच वेळ रडले. ती जागी होती की नाही मला माहीत नाही.

त्या दिवसांनंतर आम्ही काही गोष्टी वाटून घेतल्या. ताप, श्वास, नवीन गाठ, कुठे रक्त येणं, हे झालं तर तिने लगेच मला उठवायचं, रात्रीचे कितीही वाजले असले तरी. बाकीचं मी विचारायचं नाही. वजन महिन्यातून एकदा. आजाराबद्दल नातेवाइकांना कोण सांगणार ते ती ठरवेल. डॉक्टरांकडे प्रश्न आधी ती विचारेल, राहिलेले मी. आणि रिपोर्ट तिच्या फोनवर येईल. लॅबमध्ये जाऊन मी नंबर बदलून आले, तेव्हा काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "आजींना वाचता येईल का?" मी म्हटलं, माझ्यापेक्षा नीट.

औषधाचा दिवस येऊ शकतो हे आम्हा दोघींना माहीत आहे. साधारण एकतृतीयांश लोकांना तो कधीच येत नाही, बाकीच्यांना येतो. तेव्हाची वाटही आता आधीसारखी राहिलेली नाही. २०१४ पासून सीएलएलसाठी आयब्रुटिनिब आहे, २०१६ पासून व्हेनेटोक्लॅक्स, आणि त्यांच्या पाठोपाठ आलेल्या त्यांच्या बहिणी. बहुतेक गोळ्याच. त्यातल्या काहींनी हृदयाचे ठोके बिघडू शकतात, रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून आईच्या रक्तदाबाचा आणि तिच्या बाकीच्या गोळ्यांचा विचार करून निवडावं लागेल. व्हेनेटोक्लॅक्स तर २० मिलिग्रॅमने सुरू करून पाच आठवड्यांत चढवत नेतात, कारण पेशी एकदम फुटल्या तर मूत्रपिंडांवर ताण येतो. हे सगळं मी एका कागदावर लिहून ठेवलंय. आईने तो कागद वाचला आणि वहीच्या मागच्या पुठ्ठ्यात सरकवून ठेवला.

मोतीबिंदूचं ऑपरेशन शेवटी झालं. संसर्ग पूर्ण निवल्यावर, रक्तविकारतज्ज्ञांची संमती घेऊन. पट्टी काढल्यावर तिने आधी स्वतःचे हात पाहिले, उलटे-सुलटे, आणि म्हणाली, "इतक्या सुरकुत्या आहेत होय!"

गेल्या आठवड्यात तिमाही तपासणी होती. रिपोर्ट संध्याकाळी येणार होता. तिच्या फोनची घंटी वाजली तेव्हा मी शेजारीच होते. तिने चष्मा न लावता फोन डोळ्यांसमोर धरला, पहिल्या ओळीपासून वाचत गेली, ओठ हलत होते. मी खिडकीबाहेर बघत राहिले. मग तिने वही काढली, पट्टी लावली, एक नवी ओळ आखली. हिमोग्लोबिन, प्लेटलेट, वजन, लिम्फोसाइट्स. पेन्सिल थोडी थांबली. शेवटच्या रकान्यात तिने काहीतरी लिहिलं, वही मिटली आणि दिवा लावायला उठली. पाठमोरीच म्हणाली, "हिमोग्लोबिन बारा. ठीक आहे गं."